अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे काढताना तंतूंचे नियंत्रण
अ‍ॅस्बेस्टॉस निष्कासन म्हणजे इमारतीतील अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त साहित्य, त्यातील तंतू हवेत पसरू न देता, काढून टाकण्याची प्रक्रिया होय. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत छपरासाठी कवेलूंबरोबर सिमेंटचे नालीदार पत्रेही वापरले जातात. अशा पत्र्यांत बहुधा क्रायसोटाइल, म्हणजे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस असते. अखंड पत्र्यातून तंतू सहसा सुटत नाहीत. पत्रा फोडल्यास, कापल्यास किंवा घासल्यास ते सुटतात. श्वासावाटे शरीरात गेलेल्या तंतूंमुळे अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे आजार अनेक वर्षांनी उद्भवू शकतात.

छपराची डागडुजी प्रायः पावसाळ्यापूर्वी, कोरड्या उन्हाळ्यात होते. तेव्हा धूळ अधिक उडते, म्हणून पत्रे पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ओले ठेवतात. हुकांचे नट सोडवून पत्रा अखंड उतरवतात, वरून खाली टाकत नाहीत. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून बंद करतात. जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतात. साधा रुमाल तंतू अडवू शकत नसल्याने सूक्ष्म कण रोखणारा मुखवटा आवश्यक असतो. या कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी आयएस ११७६८ (१९८६) हे भारतीय मानक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. घराचे छप्पर उतरवणाऱ्यांसाठी मात्र वरील खबरदारी हेच मुख्य संरक्षण ठरते.