जाळ्याचा आस आणि उद्याची मासळी

नांदेडजवळचा विष्णुपुरी जलाशय असो की लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण, तेथील भोई बांधवांची मिळकत जाळ्याच्या आसावर अवलंबून असते. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. म्हणून जलाशयात बोटुकली सोडावी लागते. पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यात माशाचे डोके शिरते व कल्ले अडकतात. आस बारीक असल्यास बोटुकलीच अडकते आणि बियाण्याचा खर्चही वाया जातो. रुंद आसातून लहान मासा निसटतो व वजनाने भरतो. मात्र २०१६ साली मांजरा आटून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तसा प्रसंग दिसू लागताच मासळी वेळीच काढून घेणे हिताचे ठरते.