नैसर्गिक ईश्वरविद्या व जीवसृष्टी

नैसर्गिक ईश्वरविद्या व जीवसृष्टी : धर्मग्रंथाच्या प्रामाण्याचा आधार न घेता निसर्गाचे निरीक्षण व बुद्धी यांच्या साहाय्याने ईश्वराचे अस्तित्व व गुण जाणू पाहणाऱ्या विचारशाखेस ‘नैसर्गिक ईश्वरविद्या’ म्हणतात. बायबल व सृष्टी हे एकाच कर्त्याचे दोन ग्रंथ होत, ही ख्रिस्ती परंपरेतील जुनी कल्पना. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये तिला वनस्पती व प्राणी यांच्या प्रत्यक्ष अभ्यासाची जोड मिळाली, ती मुख्यत्वे जॉन रे (१६२७–१७०५) याच्यामुळे.

लोहाराच्या घरी जन्मलेला रे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात अध्यापक होता व त्याने धर्मोपदेशकाची दीक्षाही घेतली होती. १६६२ च्या एकरूपता अधिनियमान्वये आवश्यक ठरलेली घोषणा करण्यास नकार देऊन त्याने ते पद गमावले. जीवसृष्टीचा अभ्यास मात्र त्याच्या लेखी उपासनेचाच भाग राहिला. हिस्टोरिया प्लँटेरम (३ खंड, १६८६–१७०४) या ग्रंथात त्याने हजारो वनस्पतींची वर्णने दिली. बीजातून पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी लक्षणे हीच जातीची खूण, ही त्याची कसोटी. आरंभी निर्मिलेल्या जाती स्थिर आहेत या श्रद्धेशी ती सुसंगत होती आणि निरीक्षणाने पडताळताही येत होती. उतारवयात पायांवरील व्रणांमुळे त्याचे हिंडणे थांबले, तेव्हा कीटक गोळा करून आणण्याच्या कामी त्याच्या मुलींनी हातभार लावला.

द विज्डम ऑफ गॉड मॅनिफेस्टेड इन द वर्क्स ऑफ द क्रिएशन (१६९१) हा त्याचा ग्रंथ केंब्रिजमधील प्रवचनांतून सिद्ध झाला. त्याच्या शीर्षकामागे १०४ व्या स्तोत्राचा आधार आहे. सुतार पक्ष्याचे पाय, ताठ शेपटी व लांब जीभ, मानवी डोळा अशा रचनांत त्याला ईश्वरी योजना दिसली. मात्र प्रत्येक माशी ईश्वर स्वतः घडवितो, असे तो मानीत नव्हता. ईश्वराच्या अधीन कार्य करणारी एक घटनाशक्ती त्याने गृहीत धरली व निसर्गातील व्यंगे तिच्या माथी मारली. ही सोय काहीशी कृत्रिमच म्हणावी लागेल. जीवाश्मांनी त्याला अधिक अस्वस्थ केले. ते खरोखर प्राण्यांचे अवशेष असतील, तर काही जाती नष्ट झाल्या असे मानावे लागे आणि परिपूर्ण निर्मितीचे अंग गळून पडावे हे त्याला पटेना. तरीही त्याने तो पुरावा नजरेआड केला नाही.

विल्यम पेली (१७४३–१८०५) याने नॅचरल थिऑलॉजी (१८०२) मध्ये घड्याळाच्या दृष्टांताने हाच युक्तिवाद लोकप्रिय केला. त्याच्या तर्कपद्धतीवर तरुण चार्ल्स डार्विन लुब्ध होता. पुढे नैसर्गिक निवडीने अनुकूलनाचा वेगळा उलगडा झाला. पण डार्विनचा आक्षेप नैतिकही होता. जिवंत सुरवंटाला आतून खाणाऱ्या इक्न्यूमॉन माशीच्या अळ्या दयाळू ईश्वराने हेतुतः निर्मिल्या असे मानवत नाही, असे त्याने १८६० मध्ये अमेरिकन वनस्पतिवैज्ञानिक एसा ग्रे यास लिहिले. ग्रे हा श्रद्धावान ख्रिस्ती व डार्विनचा समर्थक. परिवर्तनाचा प्रवाह हितकर दिशांनी वळविला गेला असावा, हे त्याचे मत डार्विनने १८६८ मध्ये जाहीरपणे अमान्य केले. स्नेह मात्र टिकला. १८७० मध्ये जॉन हेन्री न्यूमन याने एका पत्रात वेगळी भूमिका घेतली : योजना दिसते म्हणून आपण ईश्वर मानतो असे नसून ईश्वर मानतो म्हणून योजना मानतो. न्यूमनच्या या भूमिकेत सुतार पक्ष्याची जीभ ईश्वराचा पुरावा ठरत नाही आणि इक्न्यूमॉनची अळी त्याविरुद्धचा पुरावाही ठरत नाही; त्या अळीने उभा केलेला दुःखाचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही.