जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आणि कोकणची हवा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९५५ साली बाहेर पडलेली एमजीए ही स्पोर्ट्स कार आणि कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला पूर्वी बनणारी ॲम्बेसेडर यांच्या इंजिनाचे घराणे एकच आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे (बीएमसी) ‘बी सिरीज’ म्हणून ओळखले जाणारे १४८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन पहिल्या एमजीएत बसवलेले होते. तेच इंजिन १९५०च्या दशकाच्या अखेरीस ॲम्बेसेडरमध्ये आले आणि अनेक दशके भारतीय रस्त्यांवर धावत राहिले. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन याच घराण्यातले. ट्रायम्फची गोष्टही अशीच आहे. चेन्नईजवळ १९६१ पासून तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे मूळची ट्रायम्फ हेराल्ड. तिचीच चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी गाडी काढली.

या दोन गोष्टी लक्षात घेतल्या की पहिला गैरसमज आपोआप दूर होतो. जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार परदेशी आणि नाजूक आहे, तिला घरी हात लावू नये, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात तिच्यात सामान्य प्रवासी गाडीचीच यंत्रणा आहे. कार्बोरेटर एकाऐवजी दोन, कॉम्प्रेशन थोडे जास्त, कॅमशाफ्ट वेगळा, एवढाच मुख्य फरक. ज्या मेकॅनिकचा हात ॲम्बेसेडरवर बसला आहे त्याला एमजीबीचे टॅपेट सेटिंग नवीन नाही: झडपेची फट ०.०१५ इंच, पॉइंटची साधारण तेवढीच, प्लगची ०.०२५ इंच. फीलर गेज, टायमिंग लाइट आणि गाडीचे छापील वर्कशॉप मॅन्युअल एवढ्या साहित्यावर ही कामे अंगणात होतात. रत्नागिरीत अशा गाडीला खरा धोका तिथली खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि गाडीचे उभे राहणे या तिन्हींपासून आहे.

सुट्या भागांबद्दलची समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. भाग मिळणारच नाहीत, ही भीती एमजीबीच्या बाबतीत निराधार आहे. ती पाच लाखांहून जास्त बनली आणि तिचे जवळजवळ सगळे भाग आजही ब्रिटनमध्ये नव्याने तयार होतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था तर १९८८ पासून एमजीबीचा संपूर्ण नवा बॉडी शेल बनवते. याउलट, ‘आता एमजीचे शोरूम झाले आहे, तिथे भाग मिळतील’ ही आशा फोल आहे. भारतात २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या एमजी गाड्यांचा ॲबिंग्डनच्या गाड्यांशी नावापलीकडे यांत्रिक संबंध नाही. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० सालीच बंद झाला.

‘मिलिमीटरचे पाने चालतात’

चालत नाहीत, आणि घरगुती दुरुस्तीतले निम्मे नुकसान याच समजुतीने होते. एमजीए, एमजीबी आणि स्पिटफायर या गाड्यांचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा असतो. १३चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिलिमीटर, त्यावर ११चा पाना बसतच नाही. ३/४ इंच आणि १९ मिलिमीटर ही मापे मात्र जवळपास तंतोतंत जुळतात. युद्धोत्तर एमजी टीसीची गोष्ट आणखी वेगळी: तिच्या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण नटांची डोकी व्हिटवर्थ मापाची. व्हिटवर्थचे पाने जुन्या बुलेटवर काम करणाऱ्या मेकॅनिककडे अजूनही सापडतात. गंजून बसलेला नट पान्याला पाइप लावून सोडवू नये. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे आणि सकाळी सहा कोपऱ्यांचा गोटी पाना वापरावा.

‘दोन कार्बोरेटर म्हणजे कायमची डोकेदुखी’

यातल्या बहुतेक गाड्यांवर एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर असतात आणि ते सतत बिघडतात, असा समज आहे. एसयूमध्ये एकच जेट आणि त्यात खालीवर होणारी एक निमुळती सुई असते. ती सुई ज्या पिस्टनला लावलेली असते तो इंजिनाच्या ओढीने वर उचलला जातो. हा पिस्टन मोकळा सरकतो का, हे पाहणे हीच पहिली तपासणी. एअर फिल्टर काढून पिस्टन बोटाने वर उचलावा आणि सोडावा. तो खाली पडताना स्वच्छ ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर वरचे भांडे उघडून पिस्टन आणि भांड्याची आतली बाजू पेट्रोलने पुसावी. पॉलिश पेपर लावू नये. पिस्टनच्या बाहेरच्या अंगाला तेलही लावू नये, ते कोरडेच हवे. पातळ तेल फक्त मधल्या पोकळ दांड्यात, डँपरसाठी घालायचे असते.

मिश्रण तपासण्याची रीतही हाताची आहे. इंजिन पुरते गरम झाल्यावर कार्बोरेटरच्या बाजूची उचलपिन दाबून पिस्टन साधारण पाऊण मिलिमीटर उचलावा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन अडखळून बंद पडू लागले तर कमी आहे. वेग क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर मिश्रण बरोबर. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, हे रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून ऐकता येते. ही जोडणी एकदा नीट बसली की महिनोन् महिने हलत नाही. तिला पुन्हा पुन्हा हात लावावा लागत असेल तर दोष बहुधा थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्यात किंवा इग्निशनमध्ये असतो, आणि कार्बोरेटरवर नाहक खापर फुटते.

पेट्रोल आणि तेल

शिसेविरहित पेट्रोलने जुने इंजिन लगेच संपते, हा गैरसमज आता पंचवीस वर्षे टिकून आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये थांबले, आणि त्यानंतरही ही इंजिने चालत आहेत. बिडाच्या हेडमध्ये एग्झॉस्ट झडपेची बैठक हळूहळू झिजते हे खरे. पण ती झीज प्रामुख्याने सतत वेगाने आणि भाराखाली चालणाऱ्या गाडीत होते. हेड कधी खोलावे लागले तर त्या वेळी कडक बैठका बसवून घेणे पुरेसे आहे.

आजचा खरा प्रश्न इथेनॉलचा आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्कची सीले खाते, टाकीतला जुना गाळ सोडवते आणि हवेतले पाणी ओढून घेते. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि पत्रा तिथूनच सडू लागतो. दमट किनाऱ्यावर हे लवकर घडते. म्हणून सगळ्या पेट्रोल नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, मिश्रणातले पेट्रोल किंचित वाढवावे आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.

इंजिन ऑइल जितके नवे आणि पातळ तितके चांगले, हेही खरे नाही. या इंजिनांचे सपाट टॅपेट कॅमवर घासतात. त्यांना जस्ताचे पुरेसे संयुग असलेले २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल मानवते. मागच्या मेन बेअरिंगपाशी पडणारा तेलाचा थेंब हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. एमजीएमध्ये तिथे सील नसून तेल परत फिरवणारा आटा आहे, आणि थोडी गळती त्या रचनेतच आहे. गळती अचानक वाढली तर आधी इंजिनाचा ब्रीदर तुंबला आहे का ते पाहावे.

‘लुकासची वायरिंग मुळातच वाईट’

लुकास कंपनीच्या विजेच्या सामानाला मिळालेली बदनामी बरीचशी अर्थिंगची आहे. या गाड्यांत परतीचा करंट पत्र्यातून जातो. खाऱ्या हवेत दिव्याच्या बुडाशी, इंजिनाच्या पट्टीशी आणि बॅटरीच्या टोकाशी हिरवट-पांढरा थर चढतो आणि दिवे मंद होतात. प्रत्येक अर्थिंगची जागा चकचकीत घासून, नट आवळून, वर व्हॅसलीन लावले की निम्म्या तक्रारी मिटतात.

१९६७च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. तशा गाडीला आजचा रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर सरळ जोडला तर तो जळू शकतो. ऋण अर्थिंग करणे अवघड नाही: बॅटरीची टोके आणि कॉइलच्या वायरी उलट कराव्यात. त्यानंतर डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढून त्याच्या ‘एफ’ टोकाला बॅटरीच्या चालू टोकाची वायर दोन-तीनदा क्षणभर टेकवावी, म्हणजे डायनॅमोची दिशा बदलते. मग वायरी पूर्ववत जोडाव्यात. डायनॅमोची दिशा बदलण्याची पायरी गाळली की कटआउट जळण्याची भीती असते.

गंज, पाऊस आणि उभी गाडी

मांडवी, भाट्ये, मिऱ्या या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत मीठ हवेतूनच पत्र्यावर बसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ पाणी ओढून स्वतः विरघळते, म्हणजे पावसाचा थेंब न लागताही पत्रा ओला राहतो. पावसाळ्यात रत्नागिरीची हवा बहुतेक दिवस या मर्यादेच्या वरच असते. अशा ठिकाणी गाडीखाली डांबरी लेप फासला की गंज थांबतो, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. गंजावर मारलेला लेप ओल आत कोंडतो. वरून काळे आणि गुळगुळीत दिसते, आत पत्र्याचे पापुद्रे सुटत जातात. गंज पांढऱ्या धातूपर्यंत काढून, प्राइमर मारून, पोकळ भागांत मेणयुक्त तेल फवारावे आणि दाराखालची पाण्याची भोके तारेने मोकळी ठेवावीत. एमजीबीला वेगळी चासी नाही. दाराखालच्या सिलाच तिचा कणा आहेत. त्या सडल्या असतील तर गाडीला दोन्ही बाजूंनी आधार दिल्याशिवाय पत्रा कापू नये, नाहीतर गाडी मध्ये खचते आणि दारे पुन्हा लागत नाहीत.

प्लॅस्टिकची ताडपत्री घालून गाडी झाकणेही घातकच. आगोटीच्या कामांतच गाडीची व्यवस्था लावावी: गोड्या पाण्याने खालून धुवावी, पूर्ण वाळवावी, जमिनीतून येणारी ओल अडवण्यासाठी खाली जाड प्लॅस्टिक अंथरावे आणि वर फक्त सुती आवरण घालावे. हँडब्रेक सोडून चाकांना अडण लावावी, कारण लायनर ड्रमला चिकटतात. क्लचचे पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवावे, नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय बऱ्याच घरांत दिसते. त्याने फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो: इंजिन पुरते तापत नाही, जळणातून तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साठते. उघडीप पाहून गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवावी, ते जमत नसेल तर स्टार्टरला हातच लावू नये.

ब्रेक ऑइलही हवेतले पाणी शोषते. इतरत्र ते दोन वर्षांनी बदलतात. कोकणात दरवर्षी बदललेले बरे. बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर असतो, एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. म्हणून हँडब्रेक नेहमी धडका हवा. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असते. ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि जांभ्याच्या चिऱ्यांवर गाडी चढवून कधीही खाली शिरू नये. चिरा भिंतीत भार पेलतो, पण एका टोकावर वजन आले की अचानक फुटतो. लोखंडी स्टँडला पर्याय नाही.

नोंदणी

पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावी लागते, हा नियम महाराष्ट्रात नाही. पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल गाडी चालवण्यावरची बंदी दिल्ली परिसरापुरती आहे. इथे तपासणी करून आणि हरित कर भरून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी घेता येते. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे हवे, त्यामुळे नवे इंजिन बसवलेली गाडी यात बसत नाही. व्हिंटेज क्रमांकाची गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसारख्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना गाडी रोज चालवायची आहे त्यांनी साधी नोंदणीच वेळच्या वेळी वाढवून घ्यावी.