गाणारे केशवराव

मंडळी, आपल्या नेकनूरला बंकटस्वामींचा मठ आहे. तिथं आपण कीर्तन ऐकतो. हल्ली कर्ण्यावरून आवाज चार गल्ल्या ओलांडून जातो. पण कर्णा नव्हता, वीजही सगळीकडे नव्हती, तेव्हा गाणारा माणूस काय करीत असेल? शेवटल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्याला त्याचं गाणं कसं ऐकू जात असेल? अशाच एका गाणाऱ्याची हकीकत आम्ही इथं सांगणार आहोत. त्यांचं नाव केशवराव भोसले.

संगीत नाटक म्हणजे काय?

साध्या नाटकात माणसं बोलतात. संगीत नाटकात ती बोलतात आणि गातातही. युरोपात याच्यासारखा एक खेळ आहे. त्याला ऑपेरा म्हणतात. त्यात बहुतेक सारं बोलणं गाण्यातूनच होतं. तिथं आवाज पाहून कामं वाटतात. ज्या पुरुषाचा आवाज खालचा आणि भारदस्त, त्याला बास म्हणतात. राजा, बाप, पुजारी अशी कामं बहुधा त्याच्याकडे येतात.

आवाज खालचा किंवा वरचा का असतो? एकतारी आठवा. तार जाड आणि सैल असली तर आवाज खालचा निघतो. बारीक आणि ताठ असली तर वरचा निघतो. आपल्या गळ्यातही दोन लहान पडदे असतात. श्वास त्यांच्यातून गेला की ते थरथरतात आणि आवाज होतो. मुलगा वयात आला की हे पडदे लांब आणि जाड होतात. मग आवाज फुटतो आणि खाली जातो.

आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ नाटक केलं. तेव्हापासून संगीत नाटकांनी महाराष्ट्राला वेड लावलं. त्या नाटक कंपन्यांत बायका काम करीत नसत. बायकांची कामं मुलगे आणि तरुण पुरुषच करीत. म्हणून गोड गळ्याच्या पोरांना कंपनीत मोठा मान असे. पण आवाज फुटला की कित्येकांचा मान जाई आणि भाकरीही जाई.

लहान वय, मोठं काम

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची गरिबी होती. शाळेत पाटी घेऊन बसायचं वय, पण तेव्हाच ते नाटक कंपनीत गेले. कंपनीचं नाव स्वदेशहितचिंतक मंडळी. तीच त्यांची शाळा झाली.

तिथं ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या कामानं त्यांचं नाव झालं. हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी लिहिलं. १८९९ साली ते रंगभूमीवर आलं. बाप पैशाच्या लोभानं आपल्या लहान मुलीचं लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवतो, अशी त्यातली गोष्ट आहे. कोवळ्या वयाचे केशवराव शारदेचं दुःख गाऊन सांगत. ऐकणाऱ्यांच्या मनाला ते जाऊन भिडे.

पुढं १९२९ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. आज मुलीचं लग्न अठरा वर्षं पुरी होण्याआधी लावणं गुन्हा आहे. तरी आपल्या बीड जिल्ह्यात काय दिसतं? ऊसतोडीला जायचं, पोर मागं कुणाजवळ ठेवायची, म्हणून आईबाप तिचं लग्न उरकून टाकतात. आम्ही शाळेत होतो तेव्हा हजेरीतलं एखाद्या मुलीचं नाव असंच एकाएकी गळून जाई. शारदेची गोष्ट जुनी खरी, पण ती संपलेली नाही.

मेहनतीचा गळा

देवानं गळा दिला म्हणून माणूस गवई होत नाही. जमीन चांगली असली तरी नांगरावी लागतेच. केशवरावांना रामकृष्णबुवा वझे यांच्यासारखे गुरू मिळाले. आवाज फुटण्याचं वय गेलं, तरी त्यांचं गाणं थांबलं नाही. उलट ते अधिक तेजस्वी झालं. वरच्या पट्टीतला त्यांचा आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. पुढं ते बायकांची कामं करीत, तशी पुरुषांचीही करीत.

१९०८ साली हुबळीला त्यांनी स्वतःची कंपनी काढली. तिचं नाव ललितकलादर्श. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. १९१६ साली या कंपनीनं मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’ हे नाटक केलं. त्यात हुंड्याच्या चालीवर टीका होती. म्हणजे लोकांचं मन रमवायचं आणि त्यांना दोन शहाणपणाच्या गोष्टीही सांगायच्या, असा दुहेरी कारभार होता.

दोन वाघ एका रंगमंचावर

त्याच काळी बालगंधर्व हे दुसरे थोर गायक नट होते. त्यांची कंपनी वेगळी. लोकांत दोन तट पडलेले. कुणी म्हणे केशवराव मोठे, कुणी म्हणे बालगंधर्व. कुस्तीच्या फडावर दोन पैलवानांचे लोक भांडतात ना, तसंच हे.

१९२० साली लोकमान्य टिळक वारले. त्यांच्या नावानं देशकार्यासाठी टिळक स्वराज्य फंड सुरू झाला. त्या फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईला दोघांनी मिळून ‘मानापमान’ नाटक केलं. बालगंधर्व झाले श्रीमंताची लेक भामिनी. केशवराव झाले गरीब शिपाईगडी धैर्यधर. त्या स्वस्ताईच्या दिवसांत तिकीट शंभर रुपयांपर्यंत होतं, तरी लोकांची झुंबड उडाली. हजारो रुपये जमले. तेढ बाजूला राहिली आणि देशाचं काम पुढं गेलं.

अखेर

पण पुढं तीन महिनेही गेले नाहीत. केशवरावांना विषमज्वर झाला. हाच टायफॉईड. तो घाण पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. आज त्यावर औषध आहे, लसही आहे. तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात नाटकगृह बांधलं होतं. पुढं त्याला केशवरावांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला मोठी आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरकर हळहळले. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी लोक हळहळतात, ते उगीच नव्हे. गळा अनेकांना असतो. त्याला मेहनतीची जोड देणारे आणि तो लोकांच्या कामी लावणारे थोडे.

विचार करा आणि सांगा

१. मुलगा वयात आला की आवाज खाली का जातो?
२. केशवराव आणि बालगंधर्व कशासाठी एकत्र आले?
३. आपल्या गावात एखादी ‘शारदा’ आहे का? तिच्यासाठी आपण काय करू शकतो?