हंटरवाली नादिया

सुट्टीत भारतात गेल्यावर आपल्या मुलांच्या बोलण्याला एखादे काका किंवा मामा हसतातच, हो ना? तर आज अशा एका नटीची गोष्ट, जिचे हिंदी उच्चार शेवटपर्यंत परके राहिले आणि तरी थिएटरं शिट्ट्यांनी दणाणली.

ती म्हणजे 'फिअरलेस नादिया'. खरं नाव मेरी इव्हान्स. १९०८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे जन्मली, पाच वर्षांची असताना मुंबईत आली. वडील सैन्यात होते, ते पहिल्या महायुद्धात गेले. पुढे पेशावरकडे राहताना ती घोड्यावर बसायला शिकली. मग दुकानात विक्रेतीचं काम, नाच, सर्कस, पोटासाठी मिळेल ते.

वाडिया मूव्हीटोनच्या जेबीएच वाडियांनी तिला हेरलं. नाव 'नंदादेवी' ठेवू आणि काळ्या वेणीचा टोप घालू, असं त्यांनी सुचवलं. तिने साफ नकार दिला! सोनेरी केस तसेच राहिले, नावही तेच राहिलं.

१९३५ साली 'हंटरवाली' तयार झाला. मुखवटा घालून, हातात चाबूक घेऊन अन्यायाशी लढणारी राजकन्या, असं कथानक. वितरकांनी हात आखडता घेतला, पण लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. पुढच्या वर्षीच्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती चक्क आगगाडीच्या टपावर मारामारी करते, आणि तीही स्वतःच. बदली माणूस नाही, जाळी नाही. १९४०च्या 'डायमंड क्वीन'मध्ये तर ती स्त्रीशिक्षणाची बाजू मांडते.

गोऱ्या रंगाचा तिला फायदा झाला, असं मला वाटतं. तेव्हा एखाद्या देशी मुलीने पडद्यावर पुरुषांना असं बडवलं असतं तर गहजबच झाला असता. पण प्रेक्षकांनी तिला मेमसाहेब मानलं नाही, आपल्या बाजूने लढणारी मानलं. गिरीश कार्नाड यांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत तिच्या त्या 'हेऽय' आरोळीला पहिला मान दिला आहे.

दिग्दर्शक होमी वाडिया, जेबीएच यांचे धाकटे भाऊ, आणि तिचं प्रेम जुनं. लग्न मात्र १९६१ साली झालं, तेव्हा ती ५३ वर्षांची होती. मग विस्मरणाची बरीच वर्षं गेली. १९९३ साली घरातल्याच रियाद वाडियांनी तिच्यावर माहितीपट काढला आणि नवी पिढी पुन्हा तिच्या प्रेमात पडली. ९ जानेवारी १९९६ रोजी, ८८ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती मुंबईत गेली.

मुलांना दाखवायचंच असेल तर आगगाडीपासून सुरुवात करा.