डोंगर, ओढा आणि वस्ती : येऊरच्या आधारे भूगोलाचा पाठ

सह्याद्रीचे वर्णन तोंडपाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास शाळेसमोरील डोंगराविषयी चार वाक्ये सांगता येतातच असे नाही. भूगोलाचा आरंभ परिसरापासून व्हावा, हे तत्त्व जुनेच आहे. ठाण्याजवळील येऊरचा डोंगर हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

साष्टी बेटाच्या मध्यभागी दक्षिणोत्तर पसरलेल्या रांगेचा हा पूर्वेकडील भाग. त्याचा खडक मुख्यतः लाव्ह्यापासून बनलेला असून येथील वन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. पावसाचे काही पाणी खडकाच्या फटींत मुरते. उरलेले ओढ्यांवाटे खाडीकडे धावते. वस्त्या कोठे वसल्या, याचे उत्तर या पाण्याच्या वाटेत सापडते.

वर, झाडीत, वारली बांधवांचे पाडे आहेत. जांभूळपाडा हे नावच तेथील वृक्षाची ओळख सांगते. पायथ्याशी, जेथे उतार मंदावतो व गाळ साचतो, तेथे भातशेतीची गावे वसली. त्याखाली खाडीकाठी बाळकुम. येथे आगरी व कोळी समाजाने शेती, मासेमारी यांवर निर्वाह केला. पलीकडच्या तीरावर भिवंडी तालुक्यातील कशेळी आहे. बाळकुम आज महानगरपालिकेच्या हद्दीत असून भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. परंतु उतार बदललेला नाही आणि पाणी उताराचाच नियम पाळते.

हा नियम विसरल्यास काय होते, हे २६ जुलै २००५ रोजी दिसले. त्या वेळी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. याच रांगेतील विहार तलावाचे जादा पाणी वाहून नेणारी मिठी नदी, अतिक्रमणांमुळे पात्र अरुंद झालेली, काठ सोडून वस्त्यांत शिरली.

शिक्षकांनी आपल्या गावापुरता हाच पाठ घ्यावा. प्रथम विद्यार्थ्यांकडून डोंगर, ओढा, विहिरी व घरे दाखविणारा नकाशा काढवून घ्यावा. नंतर ओढ्याची जुनी वाट वडीलधाऱ्यांस विचारून त्यावर रेखावी. ती वाट कोठे बुजली आहे, हे विद्यार्थ्यांनीच शोधावे. पावसाळ्यात मात्र त्यांना ओढ्याच्या पात्रात नेऊ नये.

या पाठात पाड्यावरून येणाऱ्या मुलास अवश्य पुढे करावे. पुस्तकी उत्तरांत तो मागे राहत असेल. परंतु झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे वर्गात त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. त्याचे हे ज्ञान फळ्यावर लिहिले गेले, म्हणजे शाळा आपलीही आहे, असे त्यास वाटू लागेल.