आईच्या पोटातला गोळा

मुलीला क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला, की तुमचं लक्ष कशात लागत नाही. गॅसवरची भाजी करपते, चार वेळा गॅलरीत जाऊन येता, आणि मनात तेवढ्यात अपघात, इस्पितळ, पोलीस, नको नको ते सगळं होऊन जातं. मन चिंती ते वैरी न चिंती! मग ती हसत हसत घरात शिरली, की तिच्यावरच खेकसता. घरातले म्हणतात, "हिचा स्वभावच भित्रा." तुम्हीही तसंच धरून चालता. पण मैत्रिणींनो, ही भीती नेमकी केव्हापासूनची, हे कधी स्वतःला विचारलंय?

त्या भागातून लग्न होऊन आमच्या गावात आलेल्या एक बाई माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत. तो भाग म्हणजे किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. चारच्या सुमाराला धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. बाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या.

संसार टापटीप, तोंडी कधी तक्रार नाही. पण लग्न झाल्यापासून त्या दाराजवळच झोपत आल्या. उशाशी बॅटरी, चपला दाराशी जोडीनं मांडलेल्या. मुलांना आतल्या खोलीत झोपायची बंदी. रस्त्यावरून जड ट्रक गेला, की ताडकन उठून बसायच्या. मला विशेष वाटतं ते असं, की स्वतःच्या जिवाची त्यांना फारशी भीती नव्हतीच. सगळी धास्ती दुसऱ्यांची: नवऱ्याची, मुलांची, शेजारच्या आजींची. त्या पहाटे त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. 'मी जागी असते तर तो वाचला असता,' अशी गाठ त्या पोरीनं मनाशी बांधून घेतली, आणि ती कुणाला दाखवलीच नाही.

थोरल्या मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला. वसतिगृह चौथ्या मजल्यावर. बाईंनी साफ नकार दिला आणि कारण पुढे केलं पैशाचं. मुलगी आठ दिवस बोलली नाही. आईचा आपल्यावर विश्वास नाही, असाच तिनं अर्थ काढला. शेवटी एका रात्री बाईंनी तिला मामाची हकिगत सांगितली. आपल्याला असा एक मामा होता, हेच त्या मुलीला ठाऊक नव्हतं! ती पुण्याला गेली. बाई अजून रात्री अकराला फोन करतात. पण एकदाच, आणि मुलगी तो न चुकता घेते.

सगळ्यांच्याच लहानपणी भूकंप होत नाही. दारू पिऊन येणारा बाप, आईला रोज बसणारा मार, घरातल्याच कुणाचा नको तो स्पर्श, याची कुठे बातमी होत नाही. अमेरिकेत डॉ. विन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली नऊ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. असे आघात जितक्या जास्त प्रकारचे, तितकं पुढे नैराश्य, व्यसन, एवढंच काय, हृदयविकारही अधिक, असं तीत दिसलं. वाचून लगेच धसका घेऊ नका. हे हजारोंच्या हिशेबातलं प्रमाण आहे, तुमची पत्रिका नव्हे.

त्याआधी १९७५ साली सेल्मा फ्रायबर्ग या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह एक लेख लिहिला होता. बाळाच्या खोलीत आईबापांच्या बालपणाची भुतं वावरतात, असं त्या म्हणत. पण दुःख भोगलेली प्रत्येक आई ते मुलांना देत नाही, हेही त्यांनी पाहिलं. ज्यांना घडलेली घटनाच नव्हे, तर तेव्हा काय वाटलं तेही आठवतं, त्या सहसा तेच पुन्हा करत नाहीत. 'झालं गेलं विसर' हा आपल्याकडचा आवडता सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

तेव्हा पोटात गोळा उठला, की आधी घड्याळ बघा आणि विचारा: ही भीती आजची, की तेव्हाची? आजची असेल तर मुलीच्या मैत्रिणीला फोन करा. तेव्हाची असेल तर एका विश्वासाच्या माणसाला, बहिणीला, नवऱ्याला, सगळं सांगा. मुलांना वयाला झेपेल एवढंच. "मला लहानपणी फार भीती वाटली होती, म्हणून मी घाबरते, तुझं काही चुकलेलं नाही," एवढं दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

झोप उडाली, छातीत धडधडतं, तर डॉक्टरांकडून थायरॉईड नि रक्त तपासून घ्या. सगळा दोष मनाच्या माथी मारू नये. तपासण्या ठीक येऊनही महिना-महिना हेच चालू राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे जायला मन धजत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे. क्रमांक १४४१६. दुपारी घर रिकामं असतं, तेव्हा निवांत लावा.